दुकानात पाणी शिरलं, गिऱ्हाईक थांबलं : पर्यटनावर पोट असलेल्यांना सरकारी मदत कधी आणि कशी मिळते

पहूर हे जळगावहून अजिंठा लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. लेण्यांना जाणारी बस असो की खासगी गाडी, पहूरवरूनच पुढे जाते. आपल्या गावात लेणी नाहीत, पण लेण्यांवर पोट असलेली घरं आहेत. कुणाची चहाची टपरी, कुणाची शेवभाजीची खानावळ, कुणाची काळी-पिवळी, कुणाचं पंक्चरचं दुकान. काही मुलं रोज सकाळी फर्दापूरच्या टी पॉइंटवर जातात आणि रंगीत स्फटिक, माळा, टोप्या, चित्रांची पुस्तकं विकतात. सोमवारी लेणी बंद, म्हणून सोमवारी त्यांच्या घरी सुट्टी. हा सगळा पर्यटनाचाच धंदा आहे. पण यातल्या बहुतेकांना विचारलं, "तुमचा पर्यटन व्यवसाय कसा चाललाय?" तर ते हसतील. "सर, आमची तर टपरी आहे."

हा लेख त्यांच्यासाठी आहे. पूर आला, वादळ आलं, साथ आली तर अशा धंद्याला सरकारकडून काय मिळू शकतं, कुणाला मिळतं, कुणाला नाही आणि त्यासाठी आधी काय करून ठेवायचं, हे एका ठिकाणी मांडलं आहे. शाळा सुटल्यावर लोकांचे फॉर्म भरून देता देता एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली. सरकारी मदत नुकसान पाहून मिळत नाही, कागदावर आलेलं नुकसान पाहून मिळते. आणि तो कागद संकट आल्यानंतर तयार होत नाही, आधीपासून हातात असावा लागतो.

संकट दोन प्रकारचं असतं

पहिल्या प्रकारात माल जातो. नदीचं पाणी दुकानात शिरलं, पत्रे उडाले, आग लागली. हे नुकसान डोळ्यांना दिसतं, त्याचा पंचनामा होतो.

दुसऱ्या प्रकारात गिऱ्हाईक जातं. दुकान जागेवर, माल जागेवर, पण रस्त्यावर माणूस नाही. कोरोनात हेच झालं. पुरातत्त्व खात्याने १७ मार्च २०२० पासून देशभरातली स्मारकं बंद केली. अजिंठा लेणी उघडली ती १० डिसेंबर २०२० ला, म्हणजे जवळजवळ नऊ महिन्यांनी. पुन्हा १६ एप्रिल २०२१ पासून जूनच्या मध्यापर्यंत बंद. या काळात टपरीचा एक पत्राही वाकला नाही, पण घरातली चूल थंडावली. अशा नुकसानीचा पंचनामा करायला तलाठी येत नाही, कारण पंचनाम्यात लिहायला मोडलेलं काहीच नसतं.

या दोन संकटांत मिळणारी मदत पूर्ण वेगळी आहे. पहिल्यात अनुदान मिळू शकतं, दुसऱ्यात बहुतेक वेळा फक्त कर्ज मिळतं. हा फरक आधी समजून घ्या.

माल गेला तर : पंचनामा आणि अनुदान

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याखाली प्रत्येक राज्यात राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. केंद्राने ठरवलेल्या १२ आपत्तींत या निधीतून मदत देता येते : चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, टोळधाड-कीड आणि थंडीची लाट. महाराष्ट्राने आपल्याकडून अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज पडणे, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग यांचीही त्यात भर घातली आहे. आपल्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की त्याला अतिवृष्टी धरतात.

आता महत्त्वाचं. या निधीच्या केंद्रीय निकषांत माणूस दगावला तर ४ लाख रुपये आहेत. सपाट भागात पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार आहेत. शेती, जनावरं, मच्छीमारांची बोट, हातमाग आणि हस्तकलेचे कारागीर हेही आहेत. पण दुकान, हॉटेल, टपरी असा कप्पा त्यात नाही. म्हणजे व्यापाऱ्याला हक्क म्हणून ठरलेली रक्कम नाही. मोठं संकट आलं की राज्य सरकार वेगळा निर्णय काढतं आणि स्वतःच्या तिजोरीतून देतं.

असे निर्णय निघाले आहेत. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात निघाला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तिथल्या टपऱ्या आणि घरगुती राहण्या-जेवणाच्या सोयी उद्ध्वस्त झाल्या, तेव्हाही निघाला. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्यानंतर ३ ऑगस्ट २०२१ ला राज्याने ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीवाल्याला जास्तीत जास्त १० हजार रुपये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टी आणि पुरानंतर जे मोठं पॅकेज आलं, त्यातही दुकानदारांसाठी ५० हजारांपर्यंतची मदत होती.

आता अटी पाहा. २०२१ च्या मदतीसाठी माणूस स्थानिक रहिवासी हवा, नाव मतदार यादीत हवं, रेशन कार्ड हवं आणि दुकान किंवा टपरी अधिकृत, म्हणजे नोंद असलेली हवी. चार अटींपैकी पहिल्या तीन बहुतेकांकडे असतात. गाडी चौथ्या अटीवर अडते.

आपली खास अडचण : दोन जिल्ह्यांची शीव

पहूरच्या माणसांनी इथे जरा थांबून वाचावं. आपलं गाव जामनेर तालुक्यात, जळगाव जिल्ह्यात, नाशिक विभागात. अजिंठा लेणी आणि फर्दापूर सोयगाव तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, मराठवाड्यात. रस्ता एकच, पण तहसील दोन.

घर पहूरला आणि दुकान फर्दापूरला असेल तर घराचा पंचनामा जामनेर तहसीलकडे जाईल आणि दुकानाचा सोयगावकडे. आता "स्थानिक रहिवासी, स्थानिक रेशन कार्ड" ही अट आली की सोयगावचा कर्मचारी म्हणेल, तुमचं कार्ड जामनेरचं आहे. जामनेरचा म्हणेल, तुमचं दुकान आमच्याकडे नाही. कुणी मुद्दाम त्रास देत नाही, पण माणूस मात्र दोन्हीकडून राहून जातो.

यावर उपाय एकच. दुकान ज्या गावात आहे, त्या गावच्या ग्रामपंचायतीत दुकानाची नोंद हवी. जागा स्वतःची असेल तर नमुना ८ चा उतारा घ्या. भाड्याची असेल तर लेखी भाडेकरार आणि भाड्याच्या पावत्या ठेवा. तोंडी भाड्यावर चाललेलं दुकान पंचनाम्यात मालकाच्या नावावर जातं, भाडेकरूच्या नाही. पर्यटन संचालनालयाचं कामही असंच वाटलेलं आहे : जळगाव जिल्ह्यासाठी नाशिकचं प्रादेशिक कार्यालय, अजिंठ्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं. अर्ज कुठे टाकायचा, हे घर कुठे आहे त्यावरून नाही, धंदा कुठे आहे त्यावरून ठरतं.

गिऱ्हाईक गेलं तर : कोरोनात कुणाला काय मिळालं

हा हिशोब नीट पाहण्यासारखा आहे, कारण पुढच्या वेळीही थोडंफार असंच होईल.

२७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते थांबवायची मुभा दिली, ती वाढत ३१ ऑगस्टपर्यंत गेली. हप्ता थांबला, पण व्याज चालूच राहिलं. पुढे व्याजावरचं व्याज माफ झालं. फायदा कुणाला? ज्याचं बँकेत कर्ज होतं त्याला.

मे २०२० मध्ये केंद्राने हमी असलेल्या तातडीच्या कर्जाची योजना आणली. ३१ मार्च २०२१ ला तिचा तिसरा भाग आला, त्यात हॉटेल आणि प्रवास-पर्यटन क्षेत्र घेतलं गेलं. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी होतं, त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत नवीन कर्ज, सहा वर्षांची मुदत, पहिली दोन वर्षं मुद्दलाची सवलत. २०२२ च्या अर्थसंकल्पात तिची मुदत मार्च २०२३ पर्यंत वाढवली आणि हॉटेल व त्याला जोडून असलेल्या धंद्यांसाठी हमीची मर्यादा ५० हजार कोटींनी वाढवली. पण ज्याने आयुष्यात कधी बँकेचं कर्ज घेतलं नाही, त्याचे ४० टक्के म्हणजे शून्य.

२८ जून २०२१ ला खास पर्यटनासाठी योजना जाहीर झाली. प्रवास-पर्यटन संस्थांना १० लाखांपर्यंत आणि परवानाधारक गाइडला १ लाखापर्यंत कर्ज, सरकारची शंभर टक्के हमी, तारण नाही, प्रक्रिया शुल्क नाही. ऐकायला उत्तम. पण ती होती पर्यटन मंत्रालयाने किंवा राज्य सरकारने मान्यता दिलेल्यांसाठी. तेव्हा केंद्राने सांगितलेला विभागीय गाइडचा आकडा १०,७०० होता, संपूर्ण देशात.

एप्रिल २०२१ मध्ये राज्याने निर्बंध लावताना रिक्षाचालक आणि फेरीवाल्यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. त्यातही शब्द काय होते? "परवानाधारक" रिक्षाचालक आणि "अधिकृत" फेरीवाले.

माझा एक जुना विद्यार्थी टी पॉइंटवर स्फटिक विकतो. तीन भाषांत बोलतो, परदेशी पाहुण्यांना लेण्यांची माहिती त्याच्याइतकी गोड कुणी सांगत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात तो माझ्याकडे आला होता. "सर, मला गाइडवाली योजना भरून द्या." आम्ही बसलो. परवाना? नाही. उद्यम नोंदणी? नाही. बँकेचं कर्ज? नाही. ग्रामपंचायतीची पावती? "अब्बूंच्या नावाची एक होती, पावसात भिजली." पंधरा वर्षांचा धंदा आणि कागद एकही नाही. सरकारच्या हिशोबात तो बेरोजगार झालाच नव्हता, कारण तो कधी रोजगारात होता याची नोंदच नव्हती. त्या दिवशी आम्ही फॉर्म न भरताच उठलो.

आता करून ठेवायची कामं

१. उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून सुरू आहे, मोबाइलवर आधार क्रमांकाने होते, फी नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. २ जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापारीही यात आले आहेत. जीएसटी नसलेल्या अगदी लहान धंद्यांसाठी जानेवारी २०२३ पासून उद्यम असिस्ट ही सोय आहे, त्याबद्दल आपल्या बँकेत विचारा.

२. दुकान कायद्याची नोंद. लोक याला अजून गुमास्ताच म्हणतात. २०१७ च्या कायद्यानुसार कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आहे. त्याची पोच छापून ठेवा.

३. खाण्याचा धंदा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी. चहाच्या टपरीलाही ती लागते.

४. पाहुण्यांना घरात किंवा शेतात उतरवत असाल तर पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी योजनेत किंवा २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करा. आपल्याकडे केळीच्या बागा, कापसाची शेतं आहेत. शहरातली माणसं ते बघायला पैसे देतात.

५. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना जून २०२० ला सुरू झाली. २०२५ मध्ये ती ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. पहिलं कर्ज १५ हजार, वेळेवर फेडलं तर २५ हजार, मग ५० हजार. मूळ योजना शहरांची, म्हणजे नगरपालिका-नगरपंचायतीच्या हद्दीतली. पहूरला ग्रामपंचायत आहे, पण ज्यांचा गाडा जामनेर किंवा शेंदुर्णीला लागतो, त्यांनी तिथे चौकशी करावी.

६. बँक खातं आधारला जोडलेलं आणि चालू असावं. मदत थेट खात्यात येते. बराच काळ व्यवहार नसलेलं खातं ऐन वेळी निष्क्रिय निघू शकतं.

७. मालाची वही. रोज नाही जमलं तर महिन्यातून एकदा : किती माल आणला, किती उरला, बिलं कुठे आहेत. वहीच्या पानांचा आणि दुकानाचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवून ठेवा. मोबाइल वाहून गेला तरी फोटो राहतो.

पाणी शिरलं त्या दिवशी

आधी जीव. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, पोलीस-रुग्णवाहिकेसाठी ११२. पावसाळ्यात मोबाइलवर 'सचेत' आणि विजेसाठी 'दामिनी' ही सरकारी ॲप ठेवा, दोन्ही फुकट आहेत. लेण्यांसमोरून वाहणारी वाघूर पुढे आपल्याकडेच येते. वर अजिंठ्याच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला की इथे ऊन असलं तरी पाणी वाढू शकतं. नदीकाठच्या दुकानदारांनी हे विसरू नये.

पाणी ओसरलं की पहिलं काम फोटो. साफसफाई नंतर. आमच्या ओळखीच्या एका खालाजानची छोटी खानावळ होती. पाणी उतरल्या उतरल्या त्यांनी मुलांना घेऊन चिखल काढला, भिंती धुतल्या, खराब झालेलं पीठ-तांदूळ फेकून दिलं. नमाजीच्या घरात घाण कशी ठेवायची, हा त्यांचा विचार. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली तेव्हा जागा लखलखीत. "इथे तर काहीच झालं नाही." त्यांचं नाव यादीत आलं नाही. चिखलाची रेघ भिंतीवर कुठपर्यंत आली, हा पुरावा असतो. फोटो, व्हिडिओ, खराब मालाचा ढीग आणि शेजारचे दोन साक्षीदार, एवढं झाल्यावर पाणी ओता.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तलाठी आणि ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या, एक प्रत तहसीलदारांना. दुसऱ्या प्रतीवर तारखेची पोच घ्या. पंचनामा वाचूनच सही करा. त्यात दुकान कुणाचं, भाड्याचं की स्वतःचं, माल किती, यंत्रं कोणती, हे लिहिलं आहे का ते पाहा. फ्रीज, गिरणी, शिलाई मशीन राहून जातात. यादी लागली आणि नाव नसेल तर तहसीलदारांकडे लगेच लेखी हरकत घ्या.

कर्ज, व्याज आणि विमा

आपल्या अनेक घरांत व्याजाचं कर्ज नको, विमाही नको, अशी भूमिका असते. त्या बाबतीत काय करायचं, हे प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारून ठरवावं, तो माझा विषय नाही. पण एक गैरसमज दूर व्हायला हवा. व्याज टाळायचं म्हणून नोंदणीच टाळायची, असं बरेच जण करतात. नोंदणीत व्याज नाही. पंचनाम्यात व्याज नाही. टपरीचे १० हजार किंवा दुकानाचे ५० हजार हे अनुदान असतं, परत करायचं नसतं. कर्ज घ्यायचं नसेल तर हे कागद आणखी जास्त गरजेचे, कारण तुमच्यासाठी तेवढाच रस्ता उघडा आहे.

ज्यांना चालतं त्यांच्यासाठी : १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांकडे 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्या धंद्यांसाठी ती आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल यांत इमारत आणि मालाचं नुकसान तिच्यात येतं. पण गिऱ्हाईक आलं नाही म्हणून बुडालेली कमाई या मूळ पॉलिसीत येत नाही.

महिलांसाठी राज्याचं २०२३ चं 'आई' धोरण आहे. महिलेच्या मालकीच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, पर्यटन संचालनालय परत करतं. हे सात वर्षं किंवा साडेचार लाख रुपये, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत. हप्ते वेळेवर भरावे लागतात. खानावळ, निवास-न्याहारी चालवणाऱ्या बहिणींनी याची चौकशी जरूर करावी. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या व्यवसाय कर्जाची माहितीही जिल्हा कार्यालयातून घ्यावी.

आणि हे सगळं सरकारचं झालं. गावात बैतुलमाल असेल, मोहल्ल्याची भिशी असेल, तर तिथे कर्ज-ए-हसनाचा एक छोटा कप्पा फक्त बंद पडलेल्या धंद्यांसाठी ठेवता येईल. दुसऱ्या प्रकारच्या संकटात, जिथे पंचनामा होत नाही, तिथे पहिल्या महिन्यात हीच मदत पोहोचू शकते.

मदतीचा आणखी एक मार्ग

अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकास प्रकल्पाला जपानने कर्ज दिलं होतं, हे आपल्या भागातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. त्याच जपानमध्ये एप्रिल २०१६ ला कुमामोतोला भूकंप झाला, क्यूशू बेटावरचे पर्यटक थांबले. तिथल्या सरकारने दुकानदाराला फक्त कर्ज देऊन सोडलं नाही. प्रवाशालाच सवलत दिली : या भागात या, राहण्याच्या खर्चातला काही भाग सरकार भरेल. गिऱ्हाईक परत आलं, की हॉटेलवाला, चहावाला, गाडीवाला सगळ्यांच्या हातात पैसा आला. त्यात टपरीवाल्याला कुठला परवाना दाखवावा लागला नाही. अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे करायला काय हरकत आहे? निवडणुकीत ते आपल्या दारी येतातच.

पण ती मागणी मान्य होईपर्यंत कागदाचाच आधार आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याने आता उद्यम नोंदणी केली आहे, दुकानाच्या भाड्याची पावती तो दर महिन्याला घेतो आणि सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून घरात उंचावर ठेवतो. गेल्या वेळी भेटला तेव्हा म्हणाला, "सर, आता मी पण सरकारला माहीत आहे."

मृगाचा पाऊस पडायच्या आत आपल्या घरातली अशी फाइल तयार करा. शेजारच्या विधवा बहिणीची, लिहिता न येणाऱ्या चाचांचीही करून द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. अल्लाह करो आणि ती फाइल उघडायची वेळ कधी न येवो.